गाडी पाणी का पिते?

"आपल्याकडे बर्फ पडते काय बाप्पा? मंग हे कूलंट कायले टाकाचं? बोअरच्या पाण्यात का खराबी हाय?"

उन्हाळा तोंडावर आला की वाशिम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, कुठल्याही गावच्या गॅरेजात हा प्रश्न ऐकू येतो. ट्रॅक्टरवाला विचारतो, काळीपिवळीवाला विचारतो, समृद्धी महामार्गावरून नागपूरला निघालेला कारवालाही विचारतो. प्रश्न रास्त आहे. थंड देशांत इंजिनातलं पाणी गोठून ब्लॉक फुटू नये म्हणून कूलंट घालतात, हे लोकांनी कुठंतरी ऐकलेलं असतं. वाशिमला पाणी गोठायची भीती कुणालाच नाही. मग बोअर आहे, पाइप आहे, रेडिएटरचं तोंड आहे, अडचण कुठं आहे?

अडचण त्या बोअरच्या पाण्यातच आहे. आपल्या जिल्ह्यात कूलंटचा खरा सामना थंडीशी नसून पाण्यातल्या क्षारांशी आणि धातूच्या गंजाशी आहे. ते कसं, आणि वर्षानुवर्षं साचलेला हा ऐवज बाहेर कसा काढायचा, हे या प्रकरणात पाहू.

१. आठ लिटर पाण्यावरचा भार

डिझेलचं एक लिटर जळलं की साधारण १० युनिट ऊर्जा मोकळी होते. युनिट म्हणजे विजेच्या बिलावरचंच युनिट. समजा, रोटाव्हेटर लावलेला ट्रॅक्टर तासाला ५ लिटर डिझेल जाळतो. म्हणजे तासाला ५० युनिट. यातला जेमतेम तिसरा हिस्सा कामी येतो. तेवढाच सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जातो. उरलेल्यातला मोठा वाटा इंजिनाच्या धातूत शिरतो आणि तो पाण्याला उचलून न्यावा लागतो. हा वाटा पाव धरला, तरी तासाला साडेबारा युनिट होतात. घरातला २ किलोवॉटचा गिझर तासाला २ युनिट खातो. म्हणजे असे सहा गिझर ट्रॅक्टरच्या पोटात एकाच वेळी चालू आहेत, आणि त्यांना पुरायला पाणी आहे आठ लिटरच्या आसपास.

रेडिएटरनं काम पूर्ण थांबवलं, तर ८५ अंशांवर असलेलं हे आठ लिटर पाणी १०० अंशांवर जायला हिशेबानं ४० सेकंद पुरतात. इंजिनाचा धातूही थोडी उष्णता शोषतो, म्हणून प्रत्यक्षात जरा जास्त वेळ मिळतो. पण काटा वर गेलेला दिसल्यावर "हे तास पुरं करू, मग पाहू" म्हणायला वाव किती थोडा असतो, ते यावरून कळावं. जळणाऱ्या वायूचं तापमान सिलिंडरमध्ये क्षणभर २००० अंशांच्या पुढे जातं आणि अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. मधे उभं असतं ते हे पाणी.

पाण्याची वाट अशी. पंप, म्हणजे मेकॅनिक ज्याला वॉटर बॉडी म्हणतात तो, पाणी ब्लॉकमध्ये ढकलतो. सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून ते वर हेडमध्ये जातं, तिथून वरच्या होज पाइपनं रेडिएटरमध्ये येतं, बारीक नळ्यांतून खाली उतरताना पंख्याच्या वाऱ्यानं निवतं आणि खालच्या होजमधून पुन्हा पंपाकडं परततं. नळ्या जितक्या बारीक आणि जास्त, तितका वारा जास्त पृष्ठभागाला लागतो. विल्हेल्म मायबाख यांनी १९०० साली मर्सिडीजच्या ३५ अश्वशक्तीच्या गाडीसाठी ८,०७० बारीक नळ्यांचा रेडिएटर केला, तेव्हा गाडीला लागणारं पाणी नऊ लिटरवर आलं. सव्वाशे वर्षं होत आली, तत्त्व तेच आहे. या बारीकपणातच रेडिएटरचं दुखणंही आहे, कारण बारीक नळी लवकर बुजते.

२. झाकण म्हणजे शिट्टी

रेडिएटरचं झाकण नुसतं झाकण नाही. त्याच्या आत स्प्रिंग असते आणि ती ठरावीक दाबापर्यंत वाफ अडवून धरते, कुकरच्या शिट्टीसारखी. दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं. वाशिम शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचावर असल्यानं इथं उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांनाच उकळतं. ०.९ बारचं झाकण घट्ट बसलेलं असेल, तर तेच पाणी ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. पाण्यात निम्मं कूलंट असेल, तर हा आकडा सव्वाशेच्या पुढे जातो. काही रुपड्यांच्या झाकणाची स्प्रिंग ढिली पडली, की हे वीस अंश हातचे गेले. अकोल्याहून येताना पातूरचा घाट चढताना धापा टाकणाऱ्या कितीतरी गाड्यांचा आजार एवढाच असतो.

तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडू नये, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरी दर उन्हाळ्यात कुणाचा तरी हात भाजतो. आत ११८ अंशांचं आठ लिटर पाणी आहे. झाकण फिरवताच दाब जातो आणि पाण्याला ताबडतोब ९८ अंशांवर यावं लागतं. जास्तीची उष्णता जवळजवळ ३०० ग्रॅम पाण्याची वाफ करते. ३०० ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढ्या वाफेला सुमारे ५०० लिटर जागा लागते. डिझेलचे अडीच ड्रम भरतील एवढी वाफ त्या लहानशा तोंडातून बाहेर यायला बघते, आणि सोबत उकळतं पाणी उडवते. म्हणून गाडी सावलीला लावा, बॉनेट उघडा, अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज हातानं सहज दाबता आला, की मगच झाकणाला हात.

३. पाणी उडतं, क्षार उरतो

आपला जिल्हा काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या खडकाच्या भेगांतून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेतं. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही आणि न्हाणीतल्या बंबात किंवा गिझरच्या कॉइलवर पांढरी खपली धरते. इंजिनात घडतं ते अगदी हेच. विरघळलेला बायकार्बोनेट तापला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, मागं उरतो. तो बसतो कुठं? जिथं धातू सगळ्यात गरम असतो तिथं, म्हणजे सिलिंडरभोवती आणि हेडमध्ये. नेमकं जिथं तो नको तिथं.

आता थोडं गणित. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपण मधला, ४०० चा आकडा धरू. आठ लिटर पाणी एकदा भरलं, की ३.२ ग्रॅम क्षार आत गेले. चिमूटभर. तेवढ्यानं काही बिघडत नाही. पण गाडी रोज अर्धा लिटर पाणी 'पिते' आणि आपण रोज सकाळी बाटलीनं वर घालतो. साठ दिवसांत ३० लिटर पाणी घातलं. वाफ होऊन गेलं ते निव्वळ पाणी. क्षार वाफेबरोबर जात नाहीत, ते आतच राहिले. ३० लिटरचे झाले १२ ग्रॅम. पहिल्यांदा भरलेल्या पाण्याच्या जवळजवळ चौपट क्षार या मायेनं वर घातलेल्या पाण्यानं आणले, तेही एका हंगामात. रेडिएटर बुजवायचं श्रेय बहुतेक वेळा या रोजच्या बाटलीलाच द्यावं लागतं.

क्षाराचा थर दिसायला पातळ असतो, पण उष्णता अडवण्यात पटाईत. एक मिलिमीटर चुनखडी उष्णतेच्या हिशेबानं वीस-पंचवीस मिलिमीटर जाड बिडाच्या भिंतीएवढी आडवी येते. पाणी फिरतंय, पंखा चालतोय, काटाही फार वर नाही, आणि तरी हेडचा धातू आतून करपतोय, असं त्यामुळं घडू शकतं.

क्षाराच्या जोडीला गंज असतो. इंजिनात बीड, पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, जुन्या रेडिएटरमध्ये तांबं-पितळ आणि डाकाचं कथील-शिसं, असे नाना धातू एकाच पाण्यात बुडलेले असतात. क्षारयुक्त पाण्यात दोन वेगळे धातू जोडून ठेवले, की त्यांची बॅटरी तयार होते आणि त्यातला एक झिजत जातो. बीड गंजून तांबूस गाळ होतो. तो पाण्याबरोबर फिरतो आणि पहिल्या अरुंद नळीत जाऊन बसतो.

४. बाटलीत काय असतं

कूलंटच्या बाटलीत मुख्य द्रव असतो इथिलीन ग्लायकॉल. पाणी उशिरा उकळवणं हे त्याचं आपल्या कामाचं पहिलं लक्षण. आपल्यासाठी त्याहून मोलाची आहेत त्यात थोड्या प्रमाणात मिसळलेली गंजरोधक द्रव्यं. ती धातूवर अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा धरतात आणि पाणी आम्लधर्मी होऊ देत नाहीत. ही द्रव्यं कालांतरानं संपतात. ग्लायकॉल तसाच राहतो, रंगही दिसतो, पण राखण करणारं कुणी उरत नाही. कूलंट बदलायचं ते यासाठी. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षं टिकतं, सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं नवं पाच वर्षांपर्यंत. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तो खरा.

रंगावर मात्र जाऊ नका. हिरवं, निळं, लाल, गुलाबी हे कंपनीनं घातलेले रंग आहेत आणि सगळ्या कंपन्यांना बांधणारा रंगाचा कुठलाही नियम नाही. हिरव्यात हिरवं मिसळलं म्हणजे जात जुळली, असं नाही. दोन वेगळ्या प्रकारांची गंजरोधकं एकमेकांना निकामी करू शकतात.

आणि एक गोष्ट कूलंट विकणारे सहसा सांगत नाहीत: उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी कूलंटपेक्षा सरस आहे. "उन्हाळा आहे, घट्ट टाका" म्हणून पूर्ण बाटली पाण्याशिवाय ओतणारे गाडीचं नुकसानच करतात. निम्मं-निम्मं हे प्रमाण बहुतेक गाड्यांना ठीक. आपल्या हवेत कंपनीनं परवानगी दिली असेल, तर त्याहून पातळही चालतं. बाटलीवर 'रेडी टू यूज' लिहिलेलं असेल, तर त्यात पाणी आधीच मिसळलेलं असतं. त्यात पुन्हा पाणी घालणं म्हणजे पैसे देऊन पातळ ताक आणणं.

५. आधी गळती, मग धुलाई

गाडी पाणी पीत असेल, तर ती ते कुठं टाकते हे आधी शोधा. रेडिएटर कितीही धुतला तरी फुटका होज नीट होत नाही. होजच्या क्लिपखाली पांढरी-हिरवी बुरशीसारखी खपली दिसते का? वॉटर बॉडीच्या खाली एक लहान भोक असतं, त्यातून थेंब पडतो का? ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून पाणी आलं की आतलं सील गेलं असं समजायचं. ते एमसीलनं बुजवणारे महाभाग आहेत. त्यांना पुढे बेअरिंगचा खर्च पडतो. झाकणाचं रबर कडक झालं आहे का, हेही पाहा.

बाहेर काहीच ओलं नाही आणि पाणी तरी कमी होतं, ही वाईट खूण. डिपस्टिकवरचं ऑइल दुधी दिसत असेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नसेल किंवा थंड इंजिन चालू केल्यावर रेडिएटरच्या तोंडात सारखे बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट गेलेलं असण्याची शक्यता मोठी. तिथं फ्लशचा उपयोग शून्य.

हळदीबद्दल बोलायलाच हवं. रेडिएटर वाटेत गळायला लागला, की ढाब्यावरून मूठभर हळद मागून आत टाकायची, हा ट्रकवाल्यांचा जुना तोडगा. शेजारच्या हिंगोलीला हळदीचा मोठा बाजार, त्यामुळं आपल्या भागात तर तिची कमतरता नाही. तोडगा चालतो हे खरं. हळदीची पूड गरम पाण्यात फुगते आणि बारीक भोकात जाऊन बसते. पण भोक कोणतं आणि नळी कोणती, हे तिला कळत नाही. हळदीवर गाव गाठलं असेल, तर दुसऱ्याच दिवशी रेडिएटर धुवायला घ्या.

६. फ्लश: आठातले पाच

कामाला पूर्ण थंड इंजिन लागतं. सकाळी करावं. कारमध्ये हीटरची खुंटी गरमकडं पूर्ण फिरवा, म्हणजे हीटरमधलं पाणीही वाटेत येईल. ट्रॅक्टरला हा प्रश्न नाही. खाली मोठं घमेलं ठेवा, झाकण उघडा, रेडिएटरच्या बुडाचा ड्रेन कॉक सोडा. कॉक नसेल किंवा गाळानं बसला असेल, तर खालचा होज काढा. ब्लॉकला वेगळा ड्रेन प्लग असतो. तो सापडला आणि सुटला, तर अर्धं काम झालं. तो बहुतेक वेळा गंजून बसलेला असतो, तेव्हा पाना लावून त्याच्याशी झटापट करू नका. प्लग तुटला तर पंचाईत मोठी.

निघालेलं पाणी मोजा. ही सवय फार थोड्यांना असते. समजा, पुस्तिकेत ८ लिटर लिहिलंय आणि घमेल्यात ५ लिटर आलं. म्हणजे ३ लिटर जुनं पाणी ब्लॉकमध्ये अडून आहे. आता स्वच्छ पाणी भरून, इंजिन चालवून, पुन्हा रिकामं केलं, तर जुन्याचा किती अंश उरेल? पहिल्यांदा आठातले तीन, म्हणजे ३७ टक्के. दुसऱ्यांदा त्याचे पुन्हा आठातले तीन, म्हणजे १४ टक्के. तिसऱ्यांदा ५ टक्के. तीनदा धुवावं, असं जे मेकॅनिक सांगतात, त्यामागं हा हिशेब आहे.

दर वेळी इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवायला हवं. थर्मोस्टॅट ही हेडच्या तोंडाशी बसवलेली झडप. तिच्यात मेण असतं. ते ८०-८५ अंशांच्या सुमारास वितळून फुगतं आणि झडप उघडतं. ती बंद असताना पाणी नुसतं ब्लॉकमध्येच घोटाळत राहतं आणि धुलाई फक्त रेडिएटरची होते. वरचा होज एकाएकी गरम लागला, की झडप उघडली. पाच-दहा मिनिटं चालवा, बंद करा आणि थंड होऊ द्या. तापलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी ओतलं, तर बिडाला तडा जातो. तीन धुलाया म्हणजे तीनदा थंड होण्याची वाट, त्यामुळं या कामात अख्खा दिवस जातो. दोन तासांत 'फुल फ्लश' करून देणाऱ्यानं काय केलं असेल, ते तुमचं तुम्ही ताडा.

तिन्ही वेळा तांबूस गढूळ पाणीच येत असेल, तर उलटी धुलाई करतात. थर्मोस्टॅट काढून, रेडिएटर मोकळा करून, खालच्या तोंडातून पाणी सोडायचं आणि वरून निघू द्यायचं. नळीच्या तोंडाशी अडकलेला गाळ ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं परत जातो. पाण्याचा जोर बेताचा ठेवा. सर्व्हिसिंगच्या प्रेशर पंपानं नळ्या फुगतात.

चुनखडी मात्र नुसत्या पाण्यानं सुटत नाही. ती आम्लात विरघळते. बाजारात रेडिएटर फ्लशची तयार बाटली मिळते. ती बाटलीवर लिहिलेला वेळ पाळून वापरावी आणि नंतर वर सांगितल्याप्रमाणे तीनदा धुवावं. संडास धुवायचं अ‍ॅसिड ओतणारे कारागीर आहेत. फेस येतो, खपली सुटते, मालक खूश होतो. ते अ‍ॅसिड चुनखडीबरोबर अ‍ॅल्युमिनियमही खातं आणि चार महिन्यांनी रेडिएटर टिपकायला लागतो. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरसाठी याहून चांगला उपाय आहे: रॉडिंग. रेडिएटरवाला वरची टाकी डाक सोडवून काढतो, एकेका नळीतून पातळ पट्टी घालून साफ करतो आणि टाकी परत डाकून देतो. प्लास्टिकच्या टाकीच्या नव्या अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरला हे सहसा जमत नाही. तो पार बुजला तर बदलायचाच.

७. भरताना

शेवटच्या धुलाईचं पाणी कोणतं, हे महत्त्वाचं आहे, कारण त्यातलं ३ लिटर आतच राहणार आहे. पहिल्या दोन धुलाया बोअरच्या पाण्यानं झाल्या तरी चालेल. तिसरी बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यानं करा. ते पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. आरओचं पाणी बोअरपेक्षा पुष्कळ बरं, पण डिस्टिल्डची सर त्याला नाही. पावसाचं पाणी हा या जिल्ह्यातला फुकटचा आणि दुर्लक्षित पर्याय. पहिले एक-दोन पाऊस पत्र्यावरची धूळ धुऊन जाऊ द्या, मग स्वच्छ प्लास्टिकच्या कॅनमध्ये धरून गाळून ठेवा. त्यात क्षार जवळजवळ नसतात.

आता प्रमाण. इथं पुष्कळजण फसतात. ५ लिटर रिकामं झालं म्हणून अडीच लिटर कूलंट आणि अडीच लिटर पाणी मिसळून भरलं, तर एकूण ८ लिटरमध्ये कूलंट किती? अडीच. म्हणजे ३१ टक्के. निम्मं-निम्मं हवं असेल, तर ८ चे निम्मे, ४ लिटर घट्ट कूलंट आधी ओता आणि वर १ लिटर डिस्टिल्ड पाणी. आत राहिलेले ३ लिटर धरून पाणी ४ लिटर होतं. रेडी टू यूज कूलंट अशा वेळी पातळ होणारच, म्हणून ब्लॉक पूर्ण रिकामा होत नसेल तर घट्ट कूलंटच घ्यावं.

भरताना घाई नको. बारीक धारेनं ओता, म्हणजे आतली हवा वर येईल. हवेचा फुगा हेडमध्ये अडकला, तर तिथं पाणीच पोहोचत नाही. आणि तापमान मोजणारा सेन्सर त्या फुग्यात सापडला, तर काटा खाली राहतो आणि हेड तापत राहतं. काही गाड्यांना हवा सोडायचा स्क्रू असतो. नसेल तर गाडीचं तोंड चढावर करून लावा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, वरचा होज हातानं अधूनमधून दाबा. बुडबुडे येतील, पातळी एकदम खाली जाईल, तिथं पुन्हा भरा. झाकण ठेवून फेरी मारा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजूची प्लास्टिकची टाकी पाहा: पातळी किमान आणि कमाल रेषांच्या मध्ये हवी. पहिल्या दिवशी थोडी उतरणं साहजिक आहे. पुढंही रोज उतरत असेल, तर पाचव्या भागाकडं परत या.

८. दोन स्थानिक सवयी

"वॉल काढून टाका, गाडी थंड चालते." थर्मोस्टॅट काढून फेकायचा हा सल्ला उन्हाळ्याच्या मुलखात सर्रास मिळतो. काढल्यावर इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त जळतं, ऑइलमध्ये ओल धरते. शिवाय पुष्कळ इंजिनांत या थर्मोस्टॅटलाच खाली दुसरी चकती असते. वरची झडप उघडली की ती आडवाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल, तर ती आडवाट कायम उघडी राहते, काही गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परस्पर परततं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते. थर्मोस्टॅटबद्दल शंका असेल, तर तो काढून गॅसवर पाण्याच्या पातेल्यात टाका. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या सुमारास उघडला तर धुऊन परत बसवा, नाही उघडला तर नवा घ्या.

दुसरी सवय कुटाराकडं, म्हणजे मळणीतल्या भुशाकडं, दुर्लक्ष करायची. सोयाबीनच्या मळणीत थ्रेशरला जोडलेला ट्रॅक्टर जागेवर उभा राहून तासन्‌तास चालतो. समोरून वारा नाही, पंखा जो ओढेल तोच, आणि पंखा ओढतो तो हवेबरोबर कुटाराचा भुगा. दोन दिवसांत जाळीवर गादी बसते. आत नवं कोरं कूलंट असलं तरी वारा पलीकडं जात नाही. मळणीच्या दिवसांत जाळी दर दोन-तीन तासांनी, इंजिन बंद करून, हातानं झाडावी. रेडिएटर हवेनं साफ करायचा तो पंख्याच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला. समोरून झोत मारला, तर कुटार आणखी आत ठासलं जातं. ट्रॅक्टरचं कूलंट बदलायला सोयाबीन निघाल्यावरचा आणि उन्हाळी नांगरटीआधीचा मोकळा काळ बरा. तेव्हा कुणाला घाई नसते आणि इंजिनाला थंड व्हायला वेळ देता येतो.

९. घमेल्यातलं जुनं

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड आहे. शेतकऱ्याच्या घरी ट्रॅक्टर बहुधा गोठ्याशेजारीच उभा असतो, त्यामुळं आपल्याकडं धोका शहरापेक्षा जास्त. कुत्रं ते आवडीनं चाटतं. वासरू, शेळी आणि रंगीत बाटली पाहून लहान मूलही तोंड लावू शकतं. शरीरात गेल्यावर त्याचं ऑक्झॅलिक आम्ल बनतं, त्याचे खडे मूत्रपिंडात बसतात आणि मूत्रपिंड बंद पडतं. सुरुवातीला फक्त दारू प्यायल्यासारखी झिंग दिसते, म्हणून घरचे गाफील राहतात.

निघालेलं कूलंट नालीत, विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ठळक अक्षरांत 'विष' लिहा, आणि जुनं ऑइल जमा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडं ते घेतात का, हे विचारा. प्यायच्या पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत क्षणभरही ठेवू नका. सांडलेल्या जागी राख किंवा माती टाकून, ती उचलून, जागा पाण्यानं धुवा. कुणाच्या पोटात गेल्याची नुसती शंका आली, तरी झिंग उतरायची वाट न पाहता दवाखाना गाठा, डॉक्टरांना 'गाडीचं कूलंट' असं स्पष्ट सांगा आणि बाटली सोबत न्या. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच नीट लागू पडतो.